मी घोड्यावरून कामाला जात नाही

विमानात न बसता विमानाचे मैल मिळतात, हे मला आमच्या औषधवालीने सांगितलं. मी गुडघ्याच्या गोळ्या घ्यायला गेले होते. तिने पट्टी पिशवीत टाकली आणि विचारलं, "काकू, विमानाचं कार्ड आहे का?"

"मला तुझ्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढवत नाहीत, आणि विमान कुठून काढलंस?"

"बसायचं नाही हो. इथं औषधं घ्यायची, त्याचे मैल जमतात. भरपूर साठले की तिकीट फुकट."

"म्हणजे गुडघे जितके दुखतील तितकी मी विमानाच्या जवळ?"

"तसंच समजा. या पट्टीवर तीन मैल."

तीन मैल! मी हसत हसत घरी आले. हसण्यासारखंच होतं ते. पण त्याच आठवड्यात ताईचा फोन आला आणि माझं हसू गेलं.

ताई माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे तेव्हा ऐंशीची. सत्ताविसाव्या वर्षी लग्न करून ती परदेशी गेली. तेव्हा विमानतळावर गच्ची होती, तिथून माणसं हात हलवत. मीही हलवला. विमान दिसेनासं झालं तरी हलवतच होते, तेव्हा शेजारचा एक अनोळखी गृहस्थ म्हणाला, "गेलं हो ते, आता हात खाली घ्या." त्यानंतर ती तीनदा येऊन गेली. मी एकदाही गेले नाही. आधी रजा नव्हती, मग नवऱ्याचं आजारपण, मग न जाण्याचीच सवय झाली.

फोनवर ताई म्हणाली, "डोळ्यात मधोमध काळा ठिपका पडलाय. वाढत चाललाय. डॉक्टर म्हणतात, कडेकडेचं दिसत राहील, पण माणसांची तोंडं जातील. दीड वर्ष, फार तर दोन."

मी खुर्ची ओढून बसले.

"गप्प का? मी मरत नाहीये. फक्त तू म्हातारपणी कशी दिसतेस ते मी अजून नीट पाहिलेलं नाही. फोनवर तू नुसतं कपाळ दाखवतेस."

संध्याकाळी मुलगा कामावरून आल्यावर मी त्याला सांगितलं, मला ताईकडे जायचंय. त्याने बूट काढता काढताच उत्तर दिलं, "जाऊ ना. पुढच्या वर्षाअखेरीला मला रजा मिळेल, तेव्हा दोघं जाऊ."

"तोवर तिला माझं तोंड दिसायचं नाही."

"आवाज तर ऐकू येईल. आणि तू एकटी कशी जाणार, आई? आयुष्यात विमानाची पायरी चढली नाहीस. ठेव मोडायची म्हणशील, तर ती तुझ्या दुखण्याखुपण्यासाठी आहे."

"ठेवीला हात लावत नाही. माझी मी जाईन."

"कशी?"

"चालत," मी म्हणाले.

रागाने बोलले होते, पण ते खरंच ठरलं. सूनबाईने माझ्या मोबाइलमध्ये पावलं मोजायचं काहीतरी घालून दिलं. दिवसाला आठ हजार पावलं चाललं की त्याचे विमान कंपनीकडून पंधरा मैल मिळत. मला मोठी मौज वाटली. नोकरीपायी एकतीस वर्षं मी दारोदार चालले, तेव्हा एक मैल कुणी मोजला नव्हता. आता बाजार, वाचनालय, तळ्याभोवतीचा रस्ता, आणि पावसात आमच्याच इमारतीचा जिना. तिसऱ्या मजल्यावरची शिक्षिका विचारायची, "कुठवर पोचलात?" मी म्हणायची, "समुद्र लागलाय."

एकदा का नाद लागला की माणूस काय काय करतो! मी फोनची कंपनी दोनदा बदलली. विजेचं बिल कार्डाने भरायला शिकले. एका चहाच्या डब्याच्या झाकणाखाली वीस मैलांची चिठ्ठी निघायची, म्हणून तीन महिने आम्ही तो चहा प्यायलो. मुलगा म्हणाला, "आई, हा चहा आहे की भिजवलेला पुठ्ठा?" मी म्हटलं, "पी गुपचूप, मावशीसाठी आहे." मग तो म्हणाला, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का कधी?" पण प्यायला.

खरा मार्ग औषधवालीनेच दाखवला. एक कंपनी होती. ती लोकांना मोबाइलवर प्रश्न विचारायची. साबण कुठला वापरता, चप्पल कशी लागते, बँकेतली माणसं नीट बोलतात का. दहा मिनिटं उत्तरं दिली की चाळीस मैल. ते त्या कंपनीच्याच खात्यात साठायचे आणि तिकिटाच्या वेळी विमान कंपनीकडे पाठवता यायचे.

हे ऐकून मी दुकानातच मोठ्याने हसले. मी होते प्रगणक. शिरगणतीच्या खात्यात पाटी आणि कागद घेऊन दार वाजवायचं, घरात माणसं किती, चूल कशावर, पाणी कुठून, हे विचारून लिहायचं. माझ्या तोंडावर किती दारं लागली, किती घरांत न मागता पाणी मिळालं, ते मला अजून घरागणिक आठवतं. जन्मभर प्रश्न विचारले. आता उत्तरं द्यायची पाळी माझी.

पहिल्याच दिवशी कळलं की माझी उत्तरं कुणाला नको होती. वय विचारलं, मी खरं सांगितलं, आणि पडद्यावर आलं: 'आभारी आहोत. आपण आम्हाला हव्या असलेल्या गटात बसत नाही.' दुसऱ्यात तेच, तिसऱ्यात तेच. सूनबाई म्हणाली, "आई, पन्नास टाका की. कोण बघायला येतंय?"

"मी बघतेय ना!"

तिने कपाळावर हात मारला. मी खरं वय घालत राहिले. चारांतला एखादा प्रश्नसंच मला आत घ्यायचा, पण जो घ्यायचा त्याचं मी सोनं करायची. 'आपलं मत लिहा' म्हणून रिकामी चौकट आली की इतर लोक म्हणे 'ठीक' लिहितात. मी लिहायची. पावसाळी चपलेबद्दल विचारलं तेव्हा सांगितलं, की तळव्याची नक्षी उथळ आहे, ओल्या फरशीवर माझी बहीण एकोणिसाव्या वर्षी अशाच चपलेने घसरली होती आणि तिच्या हनुवटीवर अजून खूण आहे. दहा मिनिटांचा संच मला पाऊण तास पुरायचा. शिवाय प्रत्येक प्रश्न आणि माझं उत्तर मी वहीत उतरवून ठेवायची. खात्याची शिस्त होती ती. कागद गेला तरी स्थळप्रत आपल्यापाशी हवी.

असे चौदा महिने गेले. वह्या झाल्या सहा. ताई दर रविवारी फोनवर विचारायची, "कुठवर?" आणि मग स्वतःचं सांगायची. आधी घड्याळातले काटे गेले. मग पुस्तक गेलं. मग एकदा म्हणाली, "आज आरशात माझं नाक दिसलं नाही गं."

तिकिटाला लागणारे चाळीस हजार मैल ज्या दिवशी झाले त्या दिवशी मी सकाळीच अंघोळ करून, नीट बसून बटण दाबलं. प्रश्नवाल्या कंपनीकडचे एकतीस हजार विमान कंपनीकडे पाठवा, असं ते बटण. पडदा गोल गोल फिरला आणि लाल अक्षरं आली: 'आपली उत्तरं लक्षपूर्वक दिलेली नाहीत. आपलं खातं गोठवण्यात आलं आहे.'

लक्षपूर्वक नाहीत! माझी!

दुसऱ्या दिवशी सहाही वह्या पिशवीत घालून मी त्या कंपनीच्या कचेरीत गेले. दोन बस बदलून जावं लागलं. काचेची इमारत, आत शिरल्यावर दातांच्या दवाखान्यासारखा वास. दारातल्या मुलीने सांगितलं की इथे कुणी भेटत नाही, तक्रार मोबाइलवरून करायची. मी म्हटलं, "केली. मोबाइलने मला विचारलं, आपण यंत्र आहात का. आता समोर बसून सांगते, नाहीये." आणि बसले. अशा बसण्याची मला सवय आहे. ज्या घरातली माणसं आत असून 'घरी नाही' सांगत, त्यांच्या उंबऱ्याशी मी दोन दोन तास बसलेली आहे.

दुपारी एक चष्मेवाली खाली आली. तिशीची असेल, चेहऱ्याने दमलेली. तिने मला वर नेलं आणि संगणक उघडला.

"आजी, तुम्ही लक्षाच्या प्रश्नात नापास झालात. सदतीस वेळा."

"कुठला लक्षाचा प्रश्न?"

तिने पडदा माझ्याकडे वळवला. तिथे लिहिलं होतं: 'मी दररोज घोड्यावरून कामाला जातो/जाते. आपलं लक्ष आहे हे कळण्यासाठी इथे "पूर्ण सहमत" निवडा.' आणि खाली माझं उत्तर: पूर्ण असहमत.

मला तो चांगला आठवत होता. वहीतही होता. मी पान काढून दाखवलं. "बघ. वाचला होता. शब्द न् शब्द उतरवलाय."

"मग 'सहमत' का नाही दाबलंत?"

"कारण मी घोड्यावरून कामाला जात नाही."

"कुणीच जात नाही हो! म्हणूनच तो प्रश्न आहे. लोक न वाचता बटणं दाबतात, ते पकडायला."

"मी वाचून दाबलं."

"हो, पण यंत्राला..." ती थांबली. मग तिलाच हसू आलं, ते तिने चष्मा पुसून झाकलं. "काही नाही, सोपं आहे. हा कागद घ्या. सही करून पाठवा, खातं उघडेल. अडलंच तर हा माझा नंबर."

कागदावर एकच वाक्य होतं. 'मी चुकीची उत्तरं दिली हे मला मान्य असून यापुढे सूचनेप्रमाणे उत्तरं देईन.' खाली सहीची चौकट.

मी तो कागद घडी घालून पिशवीत ठेवला. तिला वाटलं म्हातारी घरी जाऊन चष्मा लावून सही करील.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी. माझा मुलगा चौथीत होता. नदीपलीकडे पत्र्यांची एक वस्ती माझ्या भागात येत होती. चार दिवस चिखल तुडवून मी तिथली माणसं मोजली. चारशे बारा. चारशे बारावं मूल त्याच सकाळी जन्मलं होतं, अजून पुसलंही नव्हतं. कचेरीत गेले तर मोठे साहेब म्हणाले, "तिथे कुणी राहत नाही. शून्य लिहा, सही करा." ती जागा कुणाला तरी रिकामी हवी होती. मी म्हटलं, "साहेब, मी जिथे पाणी प्यायले तिथे शून्य कसं लिहू?" पंधरा दिवसांत माझी बदली झाली, दोन दिवसांच्या प्रवासावर. शून्य शेवटी दुसऱ्या कुणीतरी लिहिलं. पण माझ्या हाताने नाही.

मुलाला हे सारं आठवत होतं, फक्त त्याच्या बाजूने. रात्रीच्या जेवणाला त्याने तो कागद वाचला आणि म्हणाला, "यात विचार करण्यासारखं काय आहे? कर सही."

"माझी उत्तरं चुकीची नव्हती."

"आई, एक सही! घोड्याबद्दल! तुझ्या अशाच एका सहीपायी माझी शाळा सुटली. माझा एकुलता एक मित्र सुटला. मी काही बोललो होतो?"

"नव्हतास बोलला."

"आज बोलतोय. तिकडे मावशी आंधळी होतेय आणि तू इकडे तत्त्व कुरवाळत बसलीयेस."

सूनबाईने त्याच्या ताटात उगाचच भात वाढला. तो खरं बोलला होता, तेच तर लागलं. माझ्या न केलेल्या सहीची किंमत त्या वेळी नऊ वर्षांच्या पोराने भरली होती, आणि आता ताई भरणार होती.

ताईला फोन केला. वाटलं, ती तरी म्हणेल, शाबास. ती म्हणाली, "मला तुझं तत्त्व दाखवू नकोस. तेही मला मधोमध दिसायचं नाही. मला तुझं तोंड बघायचंय. सही कर, नाहीतर घोड्यावर बसून ये, पण ये." आणि फोन ठेवून दिला. साऱ्या आयुष्यात तिने माझ्यावर पहिल्यांदा फोन आपटला.

दोन दिवस कागद माझ्या टेबलावर पडून होता. तिसऱ्या सकाळी मी पेन घेतलं. पट्टी घेतली. आणि ते छापील वाक्य पट्टी ठेवून, सरळ रेषेत, नीट खोडलं. खात्यात आम्हाला शिकवलं होतं, चूक कधी गिरगटायची नाही, एका रेघेने खोडायची, म्हणजे खाली काय होतं ते वाचता येतं. वरच्या मोकळ्या जागेत मी माझ्या अक्षरात लिहिलं:

'मी सर्व उत्तरं खरी दिली. मी घोड्यावरून कामाला जात नाही. प्रश्न चुकीचा होता. यापुढेही मी खरीच उत्तरं देईन. आपलं लक्ष आहे हे कळण्यासाठी, हा कागद वाचल्यावर मला फोन करावा.' पुढे नंबर. आणि चौकटीत ठसठशीत सही.

मुलाने ते वाचलं. "संपलं मग," तो म्हणाला. "आता ते खातं कायमचं बंद करतील."

"करू देत. पण वाचून करू देत."

त्याने उसासा टाकला. पण कागदाचा फोटो काढून पाठवला त्यानेच.

मी फोनची वाट बघत बसले. अंघोळीला जातानाही मोबाइल न्हाणीघराच्या दाराशी ठेवायची. पहिला दिवस गेला, दुसरा गेला. वाजला तो औषधवालीचा, गोळ्या आल्या म्हणून. चौथ्या दिवशी फोन नाही, निरोप आला. मुलगा घरातच होता. त्याने वाचून दाखवला. 'आपण आपली चूक मान्य केल्याबद्दल आभारी आहोत. आपलं खातं पूर्ववत सुरू करण्यात आलं आहे.'

"चूक मान्य केल्याबद्दल?" मी उठून उभी राहिले. "कुणी मान्य केली? आण तो फोन इकडे."

"आई!" त्याने मोबाइल पाठीमागे लपवला, अगदी चौथीतल्यासारखा. "आई, हात जोडतो, आत्ता नको. आधी मैल पाठव. आधी तिकीट. मग भांड, मी स्वतः नंबर लावून देतो."

मीही शेवटी माणूसच. आधी मैल पाठवले. तिकीट आलं. जाण्याचं आणि येण्याचंही. मुलाने ते तीनदा तपासलं. मग मी म्हटलं, "लाव नंबर."

चष्मेवालीने उचलला. मी तिला सगळं सांगितलं. तिने माझा कागद शोधून उघडला. मग ती खदखदून हसली.

"आजी, हे कागद कुणी वाचत नाही. यंत्र फक्त एवढंच बघतं, की सहीच्या चौकटीत शाई आहे की नाही."

"म्हणजे मी लक्ष देत नाही म्हणून माझं खातं गोठवलंत, आणि..."

"हो."

"सदतीस वेळा."

"हो हो, आजी. माझी पण मान खाली आहे." मग तिने आवाज उतरवला. "तुमच्या खात्यावर शेरा लिहायची जागा आहे माझ्याकडे. काय लिहू?"

"लिही की सही माझी आहे, वाक्य तुमचं नाही. आणि लिही की ही बाई घोड्यावरून कामाला जात नाही."

"लिहिलं," ती म्हणाली. बटणांचा आवाज मी ऐकला.

त्यांनी वाचलं नाही, तो त्यांचा प्रश्न. खोटं लिहिलं नाही, तेवढा माझा.

विमानतळावर आता गच्ची नाही. मुलगा काचेपर्यंत आला, पुढे त्याला सोडत नव्हते. वीसदा सांगून झालेलं एकविसाव्यांदा सांगितलं, पासपोर्ट कुठल्या कप्प्यात आहे, पाणी कधी मागायचं. मग एकदम म्हणाला, "त्या वस्तीत चारशे बारा होते ना?"

"तुला आकडा आठवतो?"

"तू त्या वर्षभर रोज म्हणायचीस. कोण विसरेल?" आणि काचेपलीकडून हात हलवत राहिला. मी दिसेनाशी झाले तरी हलवत असणार. ती सवय आमच्या घरात आहे.

विमानाचं काय सांगू? कान दुखले. ढग वरून धुतलेल्या कापसासारखे दिसतात. गुडघे अर्थातच दुखले, आणि त्याबद्दल कुणी मैल दिले नाहीत.

ताईने दार स्वतः उघडलं. लहान दिसत होती, माझ्या आठवणीतल्यापेक्षा वीतभर कमी. हनुवटीवरची खूण मात्र तिथेच. तिने माझ्याकडे रोखून पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही. चौदा महिने, सहा वह्या, आणि मी उशिरा पोचले.

"मधोमध काय उभी राहतेस खांबासारखी?" ती म्हणाली. "बाजूला हो. खिडकीकडे. अजून थोडी."

मी सरकले. तिने मान तिरपी केली, पक्षी करतात तशी, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मला पकडलं. मग हाताने हनुवटी धरून माझं तोंड उजेडाकडे वळवलं आणि कितीतरी वेळ बघत राहिली. कपाळ, नाक, गाल, एकेक करून, यादी तपासल्यासारखी.

"अगदी आईसारखी झालीयेस," ती म्हणाली. "आणि एवढे मैल साठवून आलीस, केस तेवढे विंचरायचे राहिले का?"

"राहिले," मी म्हणाले. खरंच राहिले होते.